सोवळ्यातला धंदा

माझ्या पुतण्याची बायको पुण्याला घरी बसून ऑफिसचं काम करते. तिची मीटिंग सुरू झाली की ती आतून कडी लावते, तिचा लहान मुलगा बाहेरून दार बडवतो आणि मग ती दिवसभर स्वतःला बोल लावत बसते. परवा फोनवर म्हणाली, "काकू, तुम्हीही घरातूनच धंदा केलात. मूल आणि काम दोन्ही कसं सांभाळलंत?" म्हातारी काहीतरी गोड सांगेल, असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, "आम्हाला कडी कधी लागली नाही गं. आमच्याकडे सोवळं होतं."

काशीत बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. आमचे हे उपाध्येपण करायचे. आईवडिलांचं श्राद्ध काशीत करायला महाराष्ट्रातून माणसं यायची. त्यांचे विधी पंचगंगा घाटावर, राहणं आमच्या माडीवर आणि श्राद्धाचा स्वयंपाक आमच्या चुलीवर. धंदा दोघांचा आहे, असं हे येईल त्याला अभिमानाने सांगत. वाटणीही अगदी चोख होती. बोलायचं त्यांनी, रांधायचं मी. काशीचं माहात्म्य सांगून सांगून त्यांचा घसा बसायचा, आणि यजमानांच्या बायका मला म्हणायच्या, बिचारे किती राबतात हो.

श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यातलाच हवा. म्हणजे आदल्या दिवशी धुतलेलं लुगडं गच्चीवर उंच दांडीवर वाळत घालायचं, पहाटे अंघोळ करून ते काठीने उतरवायचं, नेसायचं आणि चुलीपाशी बसायचं. मग पंगत उठेपर्यंत मला कुणी शिवायचं नाही. शिवलं, तर पुन्हा अंघोळ, पुन्हा दुसरं लुगडं आणि झालेला सगळा स्वयंपाक बाद. पितृपक्षात हे रोजचंच. आता काशीची माकडं काही आमचे नियम वाचून गच्चीवर येत नाहीत. एकदा एका माकडाने ते लुगडं ओढून अंगाभोवती गुंडाळून घेतलं. मी सासूबाईंना विचारलं, आता काय करायचं? त्या म्हणाल्या, "हनुमानाचं रूप ते. त्याला कुठला विटाळ? नेस तेच." माकड शिवलेलं चालत होतं. पोटची पोर शिवलेली चालत नव्हती.

माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. सकाळी उठली की चुलीपाशी धावत यायची आणि सासूबाई तिला उंबऱ्यावरच धरायच्या. ती रडायची, मी वडे थापायची. पण शास्त्र लिहिणाऱ्याला कधीतरी मूल झालं असावं, कारण त्याने एक पळवाट ठेवली होती. विटाळ कपड्याला असतो, मुलाच्या अंगाला नसतो. उघडं मूल सोवळ्यात चालतं. पोरीने हे दोन दिवसांत हेरलं. उंबऱ्याशी यायची, फ्रॉक काढून भिरकवायची आणि "आई, मी बिनाकपड्याची आली" म्हणून माझ्या मांडीत शिरायची. एका हातात ती आणि दुसऱ्या हातात झारा, असा माझा धंदा दोन वर्षं उत्तम चालला. माडीवरच्या यात्रेकरूंना वाटायचं, या घरात पोरीला घालायला कपडे नाहीत. कुणीकुणी जाताना फ्रॉकचं कापड ठेवून जायचे. तेवढाच धंद्याला हातभार.

मग ती शाळेत जायला लागली. सासूबाईंनी जाहीर केलं, "आता ती मोठी झाली. यजमानांसमोर असं उघडं फिरणं शोभत नाही." ते खरंच होतं, मला नाही म्हणता येईना. पण कपड्यांनिशी जवळ आली तर सोवळं मोडणार, कपडे काढून आली तर लाज जाणार. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, म्हणतात ते हेच. मी ह्यांना म्हटलं, काहीतरी मार्ग काढा. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि काशीत प्राण सोडणाऱ्याला मोक्ष कसा मिळतो ते मला सांगितलं. जिवंत बाईचं काय करायचं, यावर त्यांच्या पोथीत काही नव्हतं.

मुलगी शहाणी. तिने हट्ट केला नाही. सकाळी शाळेचा गणवेश घालून ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि तिथूनच माझ्याशी बोलायची. मी आतून बोलायची. येणारेजाणारे कौतुक करायचे, किती समजूतदार पोर, काही त्रास नाही. मला मात्र त्या समजूतदारपणाची धास्ती वाटायची. ही रडत होती तोवर मी हिची होते. आता आई म्हणजे लांबून बघायची वस्तू, देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेसारखी, असं हिच्या डोक्यात बसलं तर ते मी कसं काढणार होते?

त्या वर्षीच्या पितृपक्षातल्या एका दुपारी नागपूरचे यजमान आले होते. घाटावरचे विधी आटोपून सगळे वर आले होते, ब्राह्मण हातपाय धूत होते, पानं मांडून झाली होती. खीर उतरवलेली, कढी तयार, शेवटचे वडे कढईत. बाहेरच्या खोलीत ह्यांचं माहात्म्य रंगात आलं होतं. तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. पंचगंगेच्या पायऱ्यांवरून पडली होती. गुडघा फुटलेला, हनुवटीवरून रक्त ओघळून गणवेशावर आलेलं. उंबऱ्याशी नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली. ओठ गच्च मिटलेले, रडण्याचा आवाज नाही.

मी झारा ठेवून उठले. सासूबाई लगबगीने आडव्या आल्या. "सूनबाई, बस खाली. मी बघते तिच्याकडे. पानं वाढायची वेळ झालीय. पोर आहे, होईल गप्प."

"ती गप्पच आहे, सासूबाई," मी म्हटलं. "तेच बघवत नाही मला."

त्या काहीतरी बोलत राहिल्या, श्राद्धाचं, यजमानांचं, घराण्याच्या नावाचं. मी त्यांच्या बाजूने पुढे गेले. नंतर सगळा स्वयंपाक पुन्हा झाला, पंगत उन्हं कलल्यावर बसली, उपाशी ब्राह्मणांना ह्यांनी उपवासाचं माहात्म्य सांगितलं आणि महिनाभर माझ्याशी अबोला धरला. त्याचं मला काही वाटलं नाही. तेवढाच कानांना आराम.

मी उंबरा ओलांडला आणि हात पुढे केले. पोर झटकन मागे सरली.

"छू नको ना, आई. तुझं सगळं खराब होईल."

मी खाली बसले, तिला ओढून मांडीवर घेतलं आणि छातीशी घट्ट धरलं. तिचं रक्त माझ्या लुगड्याला लागलं. मी म्हटलं, "झालं खराब. आता धर मला."

तिने धरलं नाही. ती माझ्या मांडीवर ताठ बसून होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून, निदान आपल्याकडून तरी मला हात लागू नये म्हणून.