वाढत्या गाडीचा पाईप

आमच्या गिरगावातल्या बिऱ्हाडात सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची पद्धत होती. दिराचा शर्ट गुडघ्यापर्यंत, नणंदेच्या चपलेत पुढे कापूस. नवऱ्याने जुन्या फटफटीसाठी पेट्रोलचा नवा रबरी पाईप आणला, तोही हातभर जास्त. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायचे. आता लिहिताना तेवढा मान द्यायची माझी इच्छा नाही.

टाकी वर, कार्बोरेटर खाली, मधे वीतभर अंतर. पाईप सरळ उतरता ठेवला की पेट्रोल आपसूक येतं. पण नव्या वस्तूला कात्री कशी लावायची? पुढे मोठी गाडी घेऊ तेव्हा उपयोगी पडेल, म्हणून त्याने उरलेल्या पाईपचं वेटोळं केलं आणि इंजिनाला टेकवून सुतळीने बांधलं. मी म्हटलं, "अहो, रॉकेलच्या डब्याची नळी अशी वर उचलली की रॉकेल यायचं थांबतं."

"तू स्टोव्ह पेटव. इंजिन मी बघतो."

सगळे हसले. सासूबाई जरा जास्तच.

मला कळा सुरू झाल्या त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. ट्राम नाही, टॅक्सी नाही. नाव परळच्या इस्पितळात घातलेलं. शेजारच्या काकू सुइणीला आणायला निघाल्या, तर हा म्हणाला, "दारात गाडी असताना सुईण कशाला?" अख्खी चाळ गॅलरीत उभी होती. त्याला तेवढं पुरे होतं.

भायखळ्याला फटफटी बंद पडली. "तुझं वजन झेपत नाही तिला," असं म्हणून त्याने मला उतरवलं. मी फुटपाथवर पोट धरून बसले आणि हा कार्बोरेटरचा स्क्रू कधी आत, कधी बाहेर फिरवत राहिला. तेवढ्यात इंजिन निवलं, गाडी सुरू झाली. याला वाटलं, स्क्रूने झालं. थोडं पुढे जाऊन तापली, पुन्हा बंद. रबर भाजल्याचा वास मला येत होता.

"अहो, पाईपला चटका बसतोय, आतल्या पेट्रोलची वाफ होत असेल. तो बाजूला घ्या ना."

"आता तू मला शिकवणार?"

पुन्हा स्क्रू.

लालबागला ती बंद पडली ती सुरूच होईना. पुढे दगडफेक चालली होती. तिथल्या चाळीतले गिरणी कामगार हातगाडी घेऊन धावत आले, मला तिच्यावर आडवं केलं. एकजण याला म्हणाला, "चला ना भाऊ, लवकर."

"गाडी टाकून कसा येऊ? कोणी पेटवली तर? तुम्ही व्हा पुढे."

त्या परक्या माणसांनी मला ढकलत परळला नेलं. मुलगा झाला. तो रडलाच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं." संध्याकाळी नवरा आला आणि त्यांना समजावून सांगू लागला की सगळा दोष हरताळाचा. त्या क्षणी मला त्याचा जो तिटकारा आला, तो आजतागायत गेलेला नाही.

मला घरी न्यायला तो फटफटी घेऊनच आला. पाईप कापून सरळ बसवला होता. वाटेत गाडी एकदाही अडली नाही. भायखळ्याला त्याने मान वळवून खुशीत सांगितलं, "बघ, हातभरच कापावा लागला."

माझं दूध आटत नव्हतं. पोलकं भिजलं होतं. ती ओल त्याच्या पाठीला लागली तेव्हा तो म्हणाला, "जरा मागे सरकून बस. शर्ट खराब होतोय."