मागचे दोन टायर

दसऱ्याला आमच्या घरी सगळ्या गाड्या अंगणात ओळीने लावतात. हार घालून, चाकांखाली लिंबं ठेवून एकेक गाडी थोडी पुढे घेतात आणि लिंबं चिरडतात. या वर्षी टेम्पो झाला, मोटारसायकली झाल्या, आणि शेवटी माझ्या थोरल्या भावाची, दादाची, लाल गाडी बाहेर काढली. वर्षभर ती शेडमध्ये कव्हराखाली एकाच जागी उभी होती. पुतण्यांनी ढकलली तशी ती मागून धक्के खात, लंगडत आली. ओटीवर खुर्चीत बसलेल्या दादाने डावा हात वर केला. उजवा त्याला उचलता येत नाही.

"टायर," तो म्हणाला. "मागचं. बदल."

अर्धांगाचा झटका आल्यापासून दादा एकेक शब्द जोर लावून बोलतो. तीन शब्द लागोपाठ आले म्हणून वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मी मात्र चिरडलेली लिंबं गोळा करायला वळलो. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, काठी घेऊन चालतील कदाचित, पण गाडी चालवणं आता विसरायचं. त्यांना तुम्ही सवडीने सांगा. ती सवड मी अजून काढलेली नव्हती. वहिनींना ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, "भावजी, तुमीच सांगा. माज्यानं न्हाय होनार." मी म्हणायचो, गणपती होऊन जाऊ देत. मग म्हणालो, नवरात्र होऊ दे.

पूर्णा गावाकडची आमची जमीन गोदामांसाठी विकली गेली तेव्हा दादाने ही गाडी जुनी घेतली होती. दोन दारं, दोन सीट. गावात चेष्टा झाली. "घरात बारा मानसं आनि गाडी दोघांची, बाकीच्यांनी काय मागं धावायचं?" दादा हसायचा. रविवारी उजाडता उजाडता, कंटेनर रस्त्यावर यायच्या आत, तो वज्रेश्वरीपर्यंत जाऊन यायचा. शेजारी मी. तो वळणावर गाडी टाकायचा तेव्हा मी दाराची मूठ धरायचो आणि तो माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. ती गाडी मी तोवर कधी चालवली नव्हती. त्यानेही कधी दे म्हटलं नाही, मीही मागितली नाही.

टायरवाले चाचा आमच्या वडिलांपासूनचे ओळखीचे. हायवेला त्यांचं दुकान आहे. बाहेर ट्रकच्या टायरांचे मनोरे, आत त्यांची गादी. मी फोनमधले फोटो दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हे बाजूला भेगा पडल्यात बघा. आणि खालून सपाट झालंय. एकाच जागी ठेवली काय?"

"हो."

"पंधरा दिवसांनी थोडी पुढेमागे करायची होती, भाऊ. एवढं तर कुणीही करतं."

मला ते सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण गाडी सुरू केली की दादाला खिडकीतून आवाज ऐकू जाईल आणि तो विचारेल, मी कधी चालवणार, असं वाटायचं. म्हणून मी शेडकडे फिरकतच नव्हतो.

चाचा म्हणाले, "ट्रकचं सांगा, आत्ता देतो. ह्या गाडीचं मागचं टायर पुढच्यापेक्षा रुंद, ते मागवायला लागेल. दोन पर्याय आहेत. एक मऊ रबराचं. वळणावर असं धरून ठेवेल की बस. पण लवकर झिजतं. दुसरं कडक. पळवायला मजा नाही, पण टिकतं. चालवणार कोण?"

"दादाच," मी म्हणालो.

"तब्येत बरी आहे ना त्यांची आता?"

"सुधारतेय."

"मग मऊच घ्या. दादांचा हात मला माहीत आहे."

मी मान डोलावली. मऊ टायर घेतले तर तो खोटेपणा आणखी काही महिने चालणार होता. कडक घ्यावेत, तर का घेतले हे दादाला सांगावं लागणार होतं. मी पैसे काढतच होतो, तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. घरून निघताना दादाने फोनकडे बोट दाखवून "दाखव" म्हटलं होतं, ते मी सोयीने विसरलो होतो. वहिनींनी लावून दिला होता. पडद्यावर दादाचा अर्धाच चेहरा दिसत होता.

चाचांनी फोन माझ्या हातातून घेतला. "सलाम दादा. काय हिरोसारखे दिसताय. बोला, मऊ टाकू की कडक? मऊ टाकतो, वज्रेश्वरीला उडत जा."

दादाचे ओठ हलले. मागे कुणीतरी ट्रकचं चाक खोलत होतं, त्या मशीनच्या आवाजात त्याचा शब्द हरवला असं वाटून चाचांनी फोन कानाजवळ नेला, मग माझ्याकडे दिला.

"कोन चालवनार?" दादा विचारत होता.

तूच, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ते आलं नाही. खरं तेही आलं नाही.

"बघू ना दादा," मी म्हणालो. "आधी टायर तर बसू देत."

तो पडद्यातून माझ्याकडे बघत राहिला. मी चाचांच्या गादीकडे बघायला लागलो.

"कडक घे," तो म्हणाला. मग दम घेतला. "तू न्हाय पळवनार."

आणि फोन बंद झाला. चाचांनी चष्मा खाली घेतला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कडकच लिहितो मग." मला तेव्हा, सांगायला लाज वाटते, हलकं वाटलं. जे मला सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, आणि मी एक शब्दही बोललो नव्हतो.

टायर आले, बसले. गाडी मी हळूहळू अंगणातून फाटकापर्यंत नेली आणि परत आणली. आता ती धक्के खात नव्हती. दादाने मान हलवली. "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा हातापायांचा व्यायाम घ्यायला रोज येणारा मुलगा आला तेव्हा दादाने भिंतीकडे तोंड केलं. "नको." तिसऱ्या दिवशीही नको. वहिनी मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "दुकानात त्यांना काय बोललात तुमी?"

"काहीच नाही, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दादाच्या खोलीत गेलो. म्हणालो, दादा, व्यायाम गाडीसाठी नाही रे, चालायचं आहे तुला. अंगणात, देवळापर्यंत. तो ऐकत होता की नाही कळलं नाही. मी दवाखान्याचंही सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते, सगळं, इतक्या उशिरा. त्याने डोळे मिटले.

मग मी त्याचा उजवा हात मांडीवर घेतला आणि तो मुलगा करायचा तसं एकेक मिटलेलं बोट उघडायला लागलो. दादाने हात काढून घेतला नाही. काढून घ्यायची ताकद त्या हातात नव्हतीच. मी करंगळीपासून पुन्हा सुरुवात केली.