आज्याचा हात अन् पोकलेनचा हात

मंडळी, आज दुपारी शेतात जे पाहिलं ते सांगितल्याबिगर राहवत न्हाई!

शिरड शहापूरच्या आमच्या विहिरीतला गाळ काढायला पोकलेन आणलं होतं. निजामाच्या राज्यात माझ्या आज्यानं भावांसंगं कुदळीनं खोदलेली ही विहीर. आजा आता नव्वदीच्या पुढं. काठापासून जरा लांब बाजेवर बसून बघत होता.

ऑपरेटर नवा. गाळ भरून बूम, म्हंजे मशीनचा मोठा दांडा, उचलला की बकेट पुढं जाऊन विहिरीच्या समोरच्या दगडी बांधकामाला घासायचं. एक दगड निखळलाच!

आजा ताडकन उठला. "नुसता खांदा काहून उचलून राहिला रे? खांदा वर जातानी कोपर जवळ घे! मनगट वळवून ठेव!"

ऑपरेटर हसला, पण तसंच केलं. बूम वर, त्याच वक्ताला बूमच्या पुढचा आर्म आत, बकेट वळलेलं. अन् काय सांगू! दगडाला धक्का न लागता बकेट सरळ वर आलं!

ऑपरेटरनं विचारलं, "बाबा, तुमी कोणती मशीन चालवत होते?"

आज्यानं आपला सुरकुतलेला हात वर केला. "हीच. गाळाची टोपली अशीच वर देत होतो."

मंडळी, तुमच्या विहिरीवरची पहिली मशीन कोण होती?