तोंडानं पाडलेली विकेट

विकेटकीपरची आठवण म्हटल्यावर तुम्ही आधीच सरसावून बसला असाल. शेवटचा चेंडू, एका हातानं आडवी झेप, मग पोट्टे खांद्यावर घेऊन नाचताहेत. तसलं काही होणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. त्या दिवशी अकोल्यात मी एकही झेल घेतला नाही. जी एक विकेट पाडली ती तोंडानं पाडली, अन् तीही परत द्यावी लागली.

आधी आमचे सर सांगतो. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते खेळ शिकवायचे. मूळचे अकोल्याचे. तिथल्या एका क्लबासाठी पुष्कळ वर्षं त्यांनी विकेटच्या मागे बैठक मारलेली. काथ्याच्या मॅटिंगवर चेंडू टणकन उसळायचा, अन् त्या वेळचे ग्लोव्हज म्हणजे जाड मोजेच म्हणा. बोटं मोडत गेली, सांधत गेली. शेवटी उजव्या हाताचं पहिलं बोट असं मोडलं की डावीकडे वळलं ते वळलंच. सरांचं खेळणं थांबलं अन् शिकवणं सुरू झालं. त्या बोटाचा ताप आम्हाला. सर बघायचे एकाकडे अन् बोट दाखवायचं शेजारच्याकडे. एकाच चुकीसाठी दोघं जण मैदानाला चक्कर मारून यायचे.

सरांची शिकवण्याची रीत म्हणजे संत्री. हंगामात टोपलीभर पिकलेली संत्री आणायचे, आम्हा दोघा कीपरांना उकिडवं बसवायचे अन् दहा पावलांवरून फेकायचे. उघड्या हातानं झेलायचं. संत्रं फुटलं म्हणजे हात कडक. "अबे, पकडू नको त्याले. येऊ दे आपल्या घरी," म्हणायचे. दुसरा कीपर एक घुम्या पोट्टा होता, त्याचं संत्रं कधी फुटलं नाही. माझा शर्ट मात्र सगळा हिवाळा पिवळा.

मी हुशार होतो नकलांत. प्रिन्सिपॉल, राजापेठेतला चहावाला, खुद्द सर, सगळे माझ्या गळ्यात मुक्कामाला.

अकोल्याच्या मॅचच्या आदल्या दिवशी घुम्याला ताप आला. सरांनी पेटीतून स्वतःचे जुने ग्लोव्हज काढले. तळवे काळे पडलेले, तेल पिऊन पिऊन मऊ झालेले.

"अकोल्याचे लोक या ग्लोव्हजले ओळखतात," सर म्हणाले. "नीट खेळला तं सीझनभर तुह्याजवळ. नाई तं त्या दुसऱ्याजवळ."

मला दुसरं काही नको होतं. घरापर्यंत सायकल ग्लोव्हज घालूनच चालवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅच अशी आली की अकोल्याला सहा धावा हव्यात अन् शेवटची जोडी खेळून राहिली. बॅटिंगला त्यांचा कप्तान. आवाज असा, जसे डब्यात खडे. सकाळपासून तो "चाल बे!" ओरडून पळत होता, अन् मी त्याच्या पाठीशी बसून ऐकत होतो. त्यानं चेंडू कव्हरकडे मारला. धाव नव्हती, म्हणून तो गप्प उभा. तेवढ्यात त्याच्या पाठीमागून, त्याच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "चाल बे!"

समोरचा गडी सुटला. अर्ध्या पिचवर येऊन पाहतो तर कप्तान जागचा हललेला नाही. तोवर कव्हरच्या थ्रोवर तिकडे बॉलरनं बेल्स उडवल्या.

"तुमीच तं म्हणलं ना, भाऊ!"

"मी कवा म्हणलं बे?"

"आता म्हणलं ना!"

"मी तं तोंडच नाई उघडलं!" म्हणत कप्तानानं स्वतःच्या तोंडावर हात फिरवून पाहिला, मग मागे वळून पाहिलं.

आमचे पोट्टे नाचायला लागले. मी ग्लोव्हजमध्ये तोंड खुपसून हसत होतो. वर पाहिलं तर जुन्या मित्रांना निंबाखाली सोडून सर मैदानाच्या काठाशी आलेले. माझ्या नकला त्यांच्या कानापर्यंत गेल्या नाहीत असं मला वाटायचं. गेल्या होत्या.

त्यांनी आमच्या कप्तानाला बोलावलं. तो खाली मान घालून परत आला, अपील मागे घेतो म्हणून अंपायरशी बोलला, अन् गेलेला गडी वापस आला. पुढच्या दोन चेंडूंत अकोल्याच्या कप्तानानं मॅच संपवली. सर त्यांच्या लोकांत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

परतीची पॅसेंजर धरली. बडनेऱ्याला उतरलो. अमरावतीच्या गाडीला वेळ होता, फलाटावर अजून ऊन होतं. तिथं त्यांनी बोट उगारलं. ते गेलं स्कोअर लिहिणाऱ्या पोट्ट्याकडे.

"मी काय केलं, सर?" तो रडकुंडीला आला.

"तू नाई बे. हा!"

मी पुढे झालो.

"बॅट्समन तुह्याकडे पाठ करून उभा राहते. काहून?"

"बॉलर समोर असते म्हणून, सर."

"भरोसा असते म्हणून! इतकी वर्सं मी लोकाईच्या पाठीमागे बसलो, कोनी वळून पाह्यलं नाई. आज त्या कप्तानानं पाह्यलं. अन् काय दिसलं त्याले? माहे ग्लोव्हज."

मी खांद्यावरचे ग्लोव्हज पाठीमागे सारले.

"माहा आवाज लय चांगला काढते म्हणे तू. काढ."

"नाई, सर..."

"काढ! मी बोलून बोलून थकलो. माह्या आवाजात तूच रागाव सोताले."

अख्खी टीम, दोन हमाल अन् एक पेरूवाली बघत होती. मी घसा खाकरला. "नालायका, तुले मागे बसवलं ते हातासाठी, तोंडासाठी नाई!"

"मी इतका नरम बोलत नाई. नीट रागाव. अन् एक राह्यलं. वरडत बसला, स्टंपवर गेलाच नाई. थ्रो तुह्याकडे आला असता तं?"

"गधड्या! स्टंपवर काहून नाई गेला?" मी वरच्या पट्टीत. पेरूवाली दचकली.

"हां. आता ग्लोव्हजचं."

"ग्लोव्हज काढ," मी सरांच्या आवाजात म्हणालो, अन् खांद्यावर लटकवलेले ते ग्लोव्हज मलाच काढून द्यावे लागले.

सरांनी ते पिशवीत टाकले. त्याच पिशवीतून एक संत्रं काढलं अन् मोजून दहा पावलं मागे गेले.

"आवाज बरोबर आला," ते म्हणाले. "खाली बस."