पोरींचे सदरे आणि साहेबाचा दुपट्टा

दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. आमचं गाव मेडशीच्या अलीकडे. मी शिकलो दुसरीपर्यंत, पण कोणाचं फुकटचं कधी घेतलं नाही, आणि त्यावरूनच सगळं रामायण झालं.

आमच्या शाळेतल्या पोरी रिंग टेनिस खेळत. मधे जाळी, आणि रबराचं कडं इकडून फेकायचं, तिकडच्या पोरीनं एका हातानं झेलायचं. जाळी कुठली? दोन खुंट्यांना बैलगाडीचा दोर बांधला होता. माझी लेक आठवीत होती. तिच्या हातून कडं सुटलं की समोरची पोरगी झेलायचं सोडून, ते कुठं गेलं ते पाहत राही.

अकोल्याला जिल्ह्याच्या मॅची लागल्या. शाळेचे खेळाचे सर म्हणाले, साऱ्या पोरींचे सदरे एकसारखे पाहिजेत, नाहीतर मैदानात घेत नाहीत. आमच्या पोरींत एकसारखे सदरे होते ते फक्त दोन सख्ख्या बहिणींचे, एकाच ताग्यातले. लेकीनं दोन दिवस तोंड पाडलं. मग सरांनी खताच्या कंपनीचा एक साहेब गाठला.

साहेब मॅचीच्या आदल्या दिवशी जीपमधून पिवळेधमक सदरे घेऊन सरांबरोबर आमच्या अंगणात आला. पाठीवर खताच्या गोणीचं चित्र आणि कंपनीचं नाव. म्हणजे समोरून पोरगी आणि मागून गोणी. मला त्याचं काही वाटलं नाही. आपण लग्नात भांडं देतो तर त्यावर आपलं नाव कोरूनच देतो ना? मग कंपनीनं टाकलं तर काय बिघडलं?

पण आमच्याकडे लेकीच्या अंगावर कापड घालणारा सोयरा होतो. त्याला परतीचा आहेर केल्याशिवाय धाडत नाहीत. मी घरातून नवी टोपी आणि पांढरा दुपट्टा आणला.

साहेब हसला. "अहो काका, याची काही गरज नाही. आम्ही कोणाकडून भेट घेत नसतो. कंपनीचा नियमच आहे तसा."

"आमाले बी नियम हाये," मी म्हटलं. "आहेर घेत नसान तर सदरे वापस न्या. आमच्या पोरी भिकाऱ्याच्या नाहीत."

सरांनी कपाळावर हात मारला. आतून बायको ओरडली, "अवो, पोरगी खेळाले चालली, सासरी नाही!"

लेक तर रडायलाच आली. "बा, उद्या अकोल्याले मी खेळणार हाये, का तुमचा मान?"

"दोघं बी खेळतीन," मी म्हटलं, आणि सदऱ्यांच्या गठ्ठ्यावर बसलो. खरोखरच बसलो. साहेबाला सदरे वापसही नेता येईनात आणि देताही येईनात.

गाव जमलं. कोणी म्हणे, बावा, ऊठ. कोणी म्हणे, बसून राहा. साहेब घड्याळ पाही, सर साहेबाकडे पाहत, आणि मी कोणाकडेच पाहत नव्हतो. शेवटी लेकीनं डोळे पुसले आणि ती साहेबासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, जाहिरात चालते ना तुमाले?"

"म्हणजे काय, जाहिरातीसाठीच तर आलोय."

"मंग याले आहेर नका समजू. आमी पाठीवर तुमची गोणी वागवतो, तुमी खांद्यावर आमचं गाव वागवा. जाहिरातीले जाहिरात!"

साहेब पोट धरून हसला. "चालेल. लिहा."

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणारा एक म्हातारा आमच्या गावात होता. त्याला बोलावलं. तो शिंगांचाच लाल रंग घेऊन आला आणि त्यानं दुपट्ट्यावर गावाचं नाव काढलं. तरी बरीच जागा उरली. एक म्हणे, मिरची लिहा, आपली मिरची चांगली असते. दुसरा म्हणे, वांगे लिहा. त्यांचं भांडण चालू असताना म्हाताऱ्यानं आपल्या मनानं लिहून टाकलं. लेकीनं वाचलं आणि तोंडात ओढणी कोंबली.

"काय लिहिलं व?" मी विचारलं.

"गोऱ्हा विकणे आहे."

"हे कायले लिहिलं बे?"

"माह्या घरी हाये ना एक," म्हातारा म्हणाला. "एवढी जागा फुकट काहून सोडाची?"

रंग काही पुसला जाणारा नव्हता. दुसरा दुपट्टा घरात नव्हता. मी उठलो, सदरे मोकळे केले आणि साहेबाला बजावलं, "पोरी खेळून राह्यल्या तोपर्यंत दुपट्टा उतरला नाही पाहिजे."

दुसऱ्या दिवशी अकोल्याला साहेब पाहुण्यांच्या रांगेत बसला, कोट, वर दुपट्टा, डोक्यावर टोपी. मी लक्ष ठेवायला त्याच्या पाठीमागेच बसलो. त्यानं शब्द पाळला, हे सांगितलंच पाहिजे. शेजारचे मोठे मोठे लोक मान वाकडी करून त्याचा खांदा वाचत. साहेब लाल होई, पण दुपट्टा काही काढला नाही.

आमच्या पोरी मैदानात उतरल्या. इथं खरी जाळी होती, कडक ताणलेली. माझी लेक पुढे आली. हातात कडं. तिनं ते सदऱ्याला दोनदा पुसलं, ते मला एवढ्या लांबून दिसलं. मी जागेवरून अर्धा उठलो.

तेवढ्यात साहेब मागे वळला. कानात म्हणाला, "काका, ते बाजूचे गृहस्थ वय विचारतायत, गोऱ्हा किती दाताचा आहे?"

"साहेब," मी म्हटलं, "चुलीत गेला तो गोऱ्हा, चुलीत गेला दुपट्टा, काढून ठेवा पाहिजे तर. माही पोरगी सर्विस करून राह्यली."