मातीचं चर्च, आप्पा आणि मी

नव्वदच्या दशकात मी कलावंत व्हायचं ठरवलं आणि घरात कुणालाही न विचारता एक सेकंडहँड कॅमेरा आणला.

त्याच उन्हाळ्यात माझे वडील, आप्पा, साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत आले होते. आई गेल्यापासून त्यांचं बोलणंच आटलं होतं. 'हो', 'नको' आणि 'पाणी', बस्स! "त्यांना कुठंतरी फिरवून आणू या," माझी बायको नंदा म्हणाली. मी तत्काळ न्यू मेक्सिको सुचवलं. (आप्पांसाठी नव्हे. तिथल्या एका जुन्या मातीच्या चर्चचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचा होता!)

पोचतो तर चर्चला शिड्या लागलेल्या! गावातल्या बायका कच्च्या विटांच्या भिंती चिखलानं लिंपत होत्या. माझ्या फ्रेमचा सत्यानाश!

"पाच मिनिटं जरा बाजूला होता का?" मी इंग्रजीत विचारलं. त्यांच्या म्होरक्या आजीबाईंनी स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं. (शब्द कळले नाहीत, सूर कळला.)

तेवढ्यात आप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि थेट चिखलात हात घातला.

"आप्पा! हिस्टॉरिक बिल्डिंग आहे! हात नका लावू!"

"पेंढा कमी पडलाय ह्यात," आप्पा म्हणाले. आठ महिन्यांतलं पहिलं अख्खं वाक्य!

आजीबाईंनी त्यांचा हात भिंतीवरून फिरताना पाहिला आणि अख्खा कोपराच त्यांच्या ताब्यात दिला. हे मराठीत, त्या स्पॅनिशमध्ये. दोघांचं झकास चाललं होतं.

"तुझी आई अशाच भिंती लिंपायची," आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी मदतीला गेलो की म्हणायची, तुम्ही नुसतं बसा, माझं काम वाढवू नका."

हा क्षण टिपायलाच हवा! व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मी मागे सरकलो. आणखी थोडा. आणखी...

"अहो, मागे बघा!"

कालवलेल्या चिखलाच्या खड्ड्यात मी सपशेल उताणा! कॅमेरा तेवढा हातात उंच धरलेला. नंदानं आधी तो वाचवला. (मग मला.) आजीबाईंनी डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलेल्या मला ओढून भिंतीला टेकवलं, आणि आप्पा हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर! नंदानं तेवढ्यात बटण दाबलं.

तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये लावलाय. हसणारे आप्पा, आजीबाई, मागे चर्च.

"सुंदर!" पाहुणे म्हणतात. "पण भिंतीला मध्येच तो फुगवटा कसला?"

"तो मी."