सीनेच्या वाळूतला लाल खड्डा

सोलापूर शहरातून नदी वाहत नाही. शहर वाढलं ते कापसावर, गिरण्यांवर आणि मागांवर. सीना बाहेरून वळसा घालून जाते. विजापूर रस्त्याने सायकलवर तास-सव्वा तासाची वाट. गिरणीला सुटी असली की लोक कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून तिथे पोहायला जात. बहात्तरच्या दुष्काळात पोहणं संपलं. पात्रात वाळू उरली, आणि वाळूत खणलेले झिरे. कमरेएवढा खड्डा खणला की तळाला पाणी पाझरायचं, ते वाटीने घागरीत भरायचं.

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात बातमीदार होतो. पूर्व भागात एका तेलुगू विणकराच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली होती. खाली त्याचे चार माग चालायचे. सूतही तो स्वतःच रंगवायचा. त्या उन्हाळ्यात त्याच्याकडे लाल चादरींची मागणी होती. व्यापाऱ्याने बजावलं होतं, की माल वेळेवर आला नाही तर पुढचं काम दुसऱ्याला जाईल. म्हणजे माग बंद.

अडचण पाण्याची होती. रंगवलेलं सूत साबणाच्या गरम पाण्यातून काढून तीन-चार वेळा थंड पाण्यात खळबळावं लागतं. न धरलेला रंग निघून जातो, उरतो तो पक्का. नळाला पाणी नव्हतं. बोअरच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नव्हता आणि सुतावर डाग राहत होते.

"पेपरवाले, तुमची सायकल पाहिजे," तो म्हणाला. "आणि तुम्ही बी चला. दुष्काळाची बातमी मिळेल की."

दोन सायकलींवर रंगवलेल्या सुताच्या ओल्या लड्या लादून आम्ही सीनेवर गेलो. झिऱ्याजवळ मेंढ्या राखणारी एक बाई बसली होती. गावाच्या पाण्यावर तिचीच नजर असायची.

"काय आणलंय?"

"सूत धुवायचं होतं, मावशी. सोलापुरी चादरीचं. रंग पक्का आहे."

"पक्का हाय, तर मग धुताय कशाला?"

मग खाली बसून त्याने धुण्याचं कारण नीट सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एक लडी पदराला घासून पाहिली. पदर लाल झाला.

"लई पक्का हाय की वो!" ती हसली. "आमच्या झिऱ्याला हात लावायचा न्हाय. लांब खाली जाऊन खणा."

आम्ही शंभर-सव्वाशे पावलं खाली गेलो. तिथे त्याने स्वतंत्र खड्डा खणला आणि त्यातच सूत धुतलं. पाणी लाल झालं, वाळूत मुरलं. शेवटी लड्यांतून स्वच्छ पाणी निघू लागलं. आठवड्याने दुसरी खेप झाली, तीही ठीक.

तिसऱ्या खेपेला वरचा झिरा आटला होता. बायकांनी नवा झिरा खणला होता, तो आमच्या खड्ड्याच्याही खाली. पाणी तिथेच लागलं होतं. चार-पाच बायका तांब्याच्या घागरी भरत होत्या. विणकराला तहान लागली होती. त्याने पिशवीतून आपला पांढरा इनॅमलचा मग काढला, एका बाईकडून पाणी मागून घेतलं, आणि तोंडाला लावता लावता थांबला. मग माझ्यापुढे धरला. पाण्यात फिकट गुलाबी झाक होती.

घागरीत ती कोणाला दिसली नव्हती. तांब्याच्या भांड्यात दिसणारही नव्हती. सायकलींवर शेवटच्या लड्या होत्या. तेवढ्या धुतल्या की मागणी पुरी होत होती.

"माझा खड्डा आधीचा आहे," तो मला हळू म्हणाला. "यांनी नंतर खणला."

एक बाई भरलेली घागर घेऊन गावाकडे निघाली, तिच्याकडे त्याने पाहिलं. मग त्याने मेंढ्यांमागे गेलेल्या त्या बाईला हाक मारली.

"मावशी, हे बघा."

तिने मग उन्हात धरला. बाकीच्या बायका जमल्या.

"चार दीस हेच पितोय आमी," एक म्हणाली.

"ह्यानं सांगितलं नस्तं तर अजून पीत बसलो अस्तो," मेंढ्यांवाली म्हणाली. त्याच्याकडे वळून तिने विचारलं, "आता काय वो?"

त्याने टोपली मागितली. दुपारपर्यंत आम्ही खड्ड्यातली लाल वाळू उपसून काठावर, पात्राच्या बाहेर नेऊन टाकली. बायकांनी दूर, पलीकडच्या काठाशी दुसरा झिरा खणायला घेतला. न धुतलेल्या लड्या तशाच परत सायकलींवर बांधल्या. त्या मागणीतल्या उरलेल्या चादरी त्याने पांढऱ्या विणल्या. व्यापाऱ्याने त्या घेतल्या नाहीत. पाऊस पडेपर्यंत चारांपैकी दोन माग बंद राहिले.

निघताना तो मग पिशवीत घालू लागला, तेव्हा तिने हात पुढे केला.

"त्यो हितंच ठिवा. पानी कवा निवळतंय ते बघाया लागंल."

त्याने मग धुतला आणि तिच्या हातात दिला.